वारीच्या डोहात उतरण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडची पोरं जिल्ह्याच्या सीमेवर वारी हनुमानला दर्शनाला जातात अन् वान नदीत पोहायला उतरतात. इथल्या मामा-भाचा डोहात आजवर अनेक जण बुडाले. असं का होतं? पाणी वरून संथ दिसतं. पण खडकावर शेवाळ असतं, पाय घसरला की तळ लागत नाही. जवळच हनुमान सागर धरण आहे. दरवाजे उघडले किंवा वर सातपुड्यात पाऊस पडला, की इथं ऊन असतानाही पाणी चढतं.

पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला की लगेच बाहेर या. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, साडी, रिकामी कॅन फेका, 112 लावा. आंघोळ काठावर, तांब्यानंच करा.