तेरावरून न हटलेला खडक

दुपार कलली की पेन्यीस्कोलाच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी परतू लागतात. सीगल पक्ष्यांचा कलकलाट बोटींच्या आधी बंदरात शिरतो. खोक्यांत बर्फावर रचलेली मासळी लिलावाच्या शेडकडे सरकते आणि ती बघायला पर्यटकांचा घोळका जमतो. या साऱ्याच्या मागे समुद्रातून सरळ वर चढलेला खडक आहे. खडकाला बिलगून पांढरीशुभ्र घरं आणि माथ्यावर, पाण्यापासून 64 मीटर उंचीवर, चौकोनी, राकट किल्ला.

व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोना यांच्या दरम्यान, स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, कास्तेयोन प्रांतात हे गाव आहे. लॅटिनमध्ये ‘पेनिन्सुला’ म्हणजे ‘जवळजवळ बेट’, आणि त्याच शब्दावरून गावाचं नाव आलं. खडकाला किनाऱ्याशी जोडणारी वाळूची पट्टी इतकी चिंचोळी होती, की पूर्वी समुद्र खवळला की लाटा तिच्यावरून वाहायच्या आणि गाव खरोखरच बेट व्हायचं. आज त्या पट्टीवर रस्ता, हॉटेलं आणि सुट्टीसाठी घेतलेल्या फ्लॅटच्या इमारती आहेत. निसर्गाने या खडकाला आणखी एक देणगी दिली, ती म्हणजे गोड्या पाण्याचे झरे. तीन बाजूंनी समुद्र, वाट एकच आणि आत प्यायला पाणी! वेढा सोसायला किल्लेदाराला आणखी काय हवं?

अरबांची इथे गढी होती. तेराव्या शतकाच्या चौथ्या दशकात ती आरागोनचा राजा पहिला जाउमे याच्या ताब्यात आली. पुढे टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाने गढीच्या पायावर 1294 ते 1307 या काळात आजचा किल्ला उभारला. नक्षी जवळजवळ नाहीच. जाडजूड भिंती, दगडी कमानी छतांची दालनं आणि दारावर संघाच्या अधिकाऱ्यांची मानचिन्हं. पण किल्ला पुरा होतो न होतो तोच फ्रान्समध्ये टेम्पलरांची धरपकड सुरू झाली आणि 1312 मध्ये तो संघच बरखास्त झाला. किल्ला गेला माँतेसा नावाच्या नव्या संघाकडे. ज्यांनी घाम गाळून घर बांधलं, त्यांना त्यात धड राहायलाही मिळालं नाही.

राहिला तो दुसराच माणूस. पेद्रो दे लूना हा आरागोनच्या सरदार घराण्यातला, कायद्याचा पंडित. 1378 पासून कॅथलिक चर्चची शकलं झाली होती. एक पोप रोममध्ये, दुसरा फ्रान्सच्या दक्षिणेला आविन्योंमध्ये. 1394 मध्ये आविन्योंच्या कार्डिनलांनी लूनाला निवडलं आणि तो तेरावा बेनेडिक्ट झाला. फूट मिटवण्यासाठी दोन्ही पोपांनी पायउतार व्हावं, असा आग्रह वाढत गेला. लूनाचं म्हणणं एकच: मी रीतसर निवडून आलोय, मी का उतरू? फ्रान्सने पाठिंबा काढून घेतला, त्याच्या राजवाड्याला वेढा पडला. तो आत तग धरून राहिला आणि 1403 मध्ये निसटला. 1409 मध्ये पिसाच्या धर्मसभेने दोघांनाही पदच्युत करून तिसरा पोप निवडला. परिणाम असा, की दोनाचे एक व्हायचे ते तीन झाले.

1411 मध्ये लूना पेन्यीस्कोलाला आला आणि टेम्पलरांच्या किल्ल्याचा पोपचा राजवाडा झाला. हजाराहून अधिक ग्रंथांचं त्याचं ग्रंथालयही या खडकावर होतं. इथूनच 28 ऑगस्ट 1413 रोजी त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या स्थापनेला मान्यता देणाऱ्या आज्ञापत्रांवर मोहोर उमटवली. स्पॅनिशमध्ये ‘लूना’ म्हणजे चंद्र. त्याच्या घराण्याची उलटी चंद्रकोर त्या विद्यापीठाच्या मानचिन्हात आजही आहे. या विद्याप्रेमाला काळी बाजूही होती. 1413–14 मध्ये तोर्तोसा इथे त्याने ज्यू पंडितांना जबरदस्तीच्या वादसभेला बसवलं आणि 1415 मध्ये ज्यूंवर जाचक निर्बंध लादणारं फर्मान काढलं.

मग एकेक जण त्याला सोडून गेला. संत व्हिसेंत फेरर, त्याचा जुना सोबती, 1416 च्या जानेवारीत दूर झाला. आरागोनच्या राजानेही हात झटकले. 26 जुलै 1417 रोजी कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्याला पुन्हा पदच्युत केलं. दुसऱ्या वर्षी मिठाईतून आर्सेनिक देऊन त्याला मारायचा प्रयत्न झाला, त्यातूनही म्हातारा वाचला. 1423 मध्ये तो वारला तेव्हा वयाची नव्वदी ओलांडलेली होती, असं बहुतेक मानतात. शेवटपर्यंत तो स्वतःला पोपच म्हणवत होता. हट्टाला पेटलेल्या माणसाबद्दल स्पॅनिशमध्ये ‘तो आपल्या तेरावर अडून बसलाय’ असं म्हणतात. हे तेरा म्हणजे याच बेनेडिक्टचा आकडा, असा समज आहे.

त्याच्यामागे जे घडलं ते तर प्रहसनच. मरण्याआधी त्याने चार नवे कार्डिनल नेमले होते. तिघांनी मिळून नवा पोप निवडला. चौथा तेव्हा फ्रान्समध्ये होता. त्याने ती निवड मोडीत काढून स्वतःचा वेगळाच पोप जाहीर केला! तिघांच्या पोपने 1429 मध्ये राजीनामा दिला आणि प्रकरण निवळलं. रोमने लूनाचा आकडा कधीच धरला नाही. 1724 मध्ये ओर्सिनी घराण्यातल्या पोपने बेनेडिक्ट हे नाव घेतलं, सुरुवातीला स्वतःला चौदावा म्हणवलं आणि मग दुरुस्ती करून तेरावा झाला.

रोमने पुसलं तरी गावाने जपलं. इथे त्याला सगळे ‘पापा लूना’ म्हणतात. तटाच्या पायथ्याशी त्याने 1414 मध्ये बांधवलेला सान पेरे दरवाजा आहे. माथ्यावर चंद्रकोर कोरलेली. पूर्वी होड्या थेट या दारापर्यंत येत. जवळच कड्यात कोरलेला जिना समुद्राकडे उतरतो. तो पोपने एका रात्रीत खोदवला, अशी आख्यायिका. तटाचा मोठा भाग मात्र नंतरचा. सोळाव्या शतकात स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने तोफांच्या जमान्याला साजेशी नवी तटबंदी उभारली, काम इटालियन अभियंता आंतोनेल्लीचं.

गल्ल्यांतून चालताना मध्येच दोन घरांच्या फटीत कठड्याने वेढलेलं एक भगदाड लागतं. त्याचं नाव ‘बुफादोर’, म्हणजे फुंकर मारणारा. खडकाच्या पोटातून समुद्रापर्यंत गेलेलं हे भुयार निवांत दिवशी नुसतं घोरत असतं. वादळात मात्र लाट आत घुसते, कोंडलेली हवा धापा टाकते आणि फेसाचे तुषार गल्लीत उडतात. थोडं पुढे शंखशिंपल्यांनी पूर्ण मढवलेलं घर. पर्यटनाचा ओघ सुरू झाला त्या काळात एका कुटुंबाने ते सजवलं.

किल्ल्याला लागून एर्मिताना मातेचं देऊळ आहे, 1708 ते 1714 या काळात बांधलेलं. सप्टेंबरच्या 8 आणि 9 तारखेला तिचा उत्सव असतो आणि त्याचा प्राण म्हणजे ‘डान्सेस’. दोल्साइना हे आखूड, निमुळतं, दुहेरी पत्तीचं वाद्य. सनईच्याच कुळातलं, पण जास्त कर्कश. सोबतीला छोटा ढोल. त्या तालावर पुरुष आधी फेर धरून नाचतात, मग खांद्यांवर खांदे देत थरावर थर चढवतात. सगळ्यात वर एखादं पोर. वाद्य थांबत नाही तोवर खालच्यांनी हलायचं नाही. कातालोनियातल्या प्रसिद्ध मानवी मनोऱ्यांशी या परंपरेचं नातं सांगतात. मूर (मुस्लिम) आणि ख्रिस्ती यांच्यातली लुटुपुटीची लढाईही याच दिवसांत होते.

सिनेमावाल्यांना हा खडक फार पूर्वीच सापडला. 1961 च्या ‘एल सिड’मध्ये चार्ल्टन हेस्टन या तटासमोर लढला. तिथे पेन्यीस्कोलाने व्हॅलेन्सिया शहराची भूमिका केली. 2015 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्यांनी इथे मीरीन नगरी उभी केली. पण गावाचा खरा लाडका चित्रपट लुईस गार्सिया बेर्लांगाचा, 1956 मधला ‘कालाबुच’. अणुबाँबच्या कामाला विटलेला एक म्हातारा अमेरिकन शास्त्रज्ञ या गावात लपतो आणि तिथल्या शोभेच्या दारूकामात रमतो. त्याला न्यायला अमेरिकी युद्धनौका येतात, तेव्हा गावकरी हाताला लागतील ती जुनीपुराणी शस्त्रं घेऊन सामना द्यायला निघतात. शेवटी म्हाताराच स्वतःहून निघून जातो.

पापा लूना जिवंतपणी गेला नाही. 1430 मध्ये घरच्यांनी त्याचा देह आरागोनमधल्या इल्युएका या जन्मगावी नेला. पुढे युद्धाच्या धामधुमीत फ्रेंच सैनिकांनी अवशेष उधळले आणि उरली फक्त कवटी. शेजारच्या साविन्यानमधल्या एका वाड्यात ती ठेवलेली होती. 2000 मध्ये ती चोरीला गेली आणि काही महिन्यांत परत मिळाली.