वासराचा वाटा

आश्विन वद्य द्वादशीस महाराष्ट्रात वसुबारस म्हणतात. 'वसु' म्हणजे धन आणि 'बारस' म्हणजे द्वादशी. या तिथीचे दुसरे नाव गोवत्सद्वादशी. गाय आणि तिचे वत्स, म्हणजे वासरू, या दोघांची पूजा या दिवशी एकत्र करावयाची असते. शेजारी वासरू नसलेली गाय कितीही देखणी असली, तरी त्या संध्याकाळी आरतीचे ताट घेऊन तिच्याकडे कोणी जात नाही. गाईबरोबर वासरू का लागते, हे समजून घ्यावयाचे तर देवघरातून उठून गोठ्यात गेले पाहिजे.

माझे आजोळ माणदेशातले. सातारा, सांगली आणि सोलापूर हे तीन जिल्हे जेथे एकमेकांना भिडतात, तेथला हा मुलूख. पाऊस थोडा आणि माळ फार. खिल्लार गुरांची ही मायभूमी होय. पांढरी कांती, लांब निमुळता चेहरा आणि मागे वळून वर गेलेली टोकदार शिंगे यांवरून खिल्लार जनावर लांबूनही ओळखू येते. या जातीचा बैल जितका चपळ, तितकीच गाय दुधाला बेताची. मामांची वस्ती गावापासून कोसभर दूर, रानातच होती. दोन बैल, दोन गाई, सात-आठ शेळ्या, कोंबड्या आणि एक जुनी विहीर, एवढा तेथला पसारा. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुले तेथे जाऊन पोहोचलो, की आजी घराच्या आधी गोठा सजविण्याच्या कामाला आम्हांस जुंपीत असे.

त्या वेळी बाजरीची कणसे खळ्यावरून घरात आलेली असत आणि शाळूची हिरवी रोपे शेतात वीतभर वाढलेली असत. कामाला थोडी उसंत मिळे. मामी अंगण शेणाने सारवून घेई. मोठी बहीण उंबऱ्यापाशी गाय-वासराची रांगोळी काढी. त्या रांगोळीत गाईचे तोंड मागे वळलेले असावयाचे आणि वासराचे तोंड तिच्या कासेशी. याच्यात बदल केलेला आजीला खपत नसे. अंगणाच्या एका कडेला शेणाच्या गवळणी मांडल्या जात. कोणी दळते आहे, कोणी ताक घुसळते आहे, कोणाच्या डोक्यावर घागर आहे, अशी ती बोटभर उंचीची शेणाची माणसे. प्रत्येकीच्या डोक्यात झेंडूचे फूल खोवावयाचे. आम्ही मुलांनी केलेल्या गवळणी बहुधा माकडांसारख्या दिसत, पण त्या मोडून टाकलेल्या मला आठवत नाहीत.

गुरांची शिंगे रंगवावयाची ती काव पाण्यात कालवून. एकदा मामांनी बाजारातून तांबड्या तेलरंगाचा डबा आणला, तर आजीने तो परत पाठविला. "जनावर जनावराला चाटतं, रे," एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे किती खरे होते, ते मला फार पुढे कळले. अनेक तेलरंगांत पूर्वी शिशाची संयुगे असत, आणि चाटण्याची सवय असलेल्या गुरांना शिशाची विषबाधा सहज होते. वासरे तर दिसेल ती वस्तू जिभेने तपासून पाहतात. शिवाय रंगवावयास वासराला शिंगे असतात कोठे? तेथे नुसते दोन कोंभ असतात. त्यांवर हळदीचे बोट टेकले, की वासराची सजावट पुरी झाली.

गोठ्याच्या दाराला आंब्याची पाने आणि झेंडूची फुले यांचे तोरण बांधीत. ते बांधताना दोन मुलांनी पहारा करावा लागे. शेळी सुमारे 5 महिन्यांनी विते आणि पुष्कळदा तिला जुळी होतात. त्यामुळे दिवाळीत वस्तीवर दोन-चार करडे हटकून असत, आणि त्यांचा जीव आमच्या तोरणावर असे. एक करडू दुसऱ्याच्या पाठीवर उडी मारून झेंडू तोडताना मी स्वतः पाहिले आहे. खुडूक कोंबडी 21 दिवस अंडी उबवून पिलांची रांग घेऊन बाहेर पडली, तर आणखी एक गोंधळ. तिची पिले गवळणींच्या मधून धावत सुटत.

ज्या वर्षाची हकीकत मी सांगणार आहे, त्या वर्षी चंद्री नावाची गाय एकादशीच्या रात्री व्याली. गाय साधारणपणे सव्वानऊ महिने गाभण असते. मामांचा अंदाज दिवाळीनंतरचा होता, पण चंद्रीने वसुबारस गाठली. कंदिलाच्या उजेडात आम्ही पाहिले, ते एक ओले, थरथरणारे वासरू होते. कालवड होती. चंद्री तिला जिभेने जोरजोराने चाटीत होती. त्या चाटण्याने वासराचे अंग कोरडे होते, त्याला ऊब येते आणि त्याचा श्वासही मोकळा होतो. मामांनी नाळेला टिंक्चर आयोडीन लावले. थोड्या वेळाने कालवड उठू लागली; दोनदा तोंडावर आपटली, तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि आईची कास कोठे आहे ते पुढच्या पायांपाशी शोधू लागली.

शेजारच्या वस्तीवरचे एक वृद्ध गृहस्थ तेथे आले होते. ते म्हणाले, "अजून वार पडली नाही. तोवर वासरू लावू नका." गाय व्याल्यावर गर्भावरचे वेष्टन मागाहून बाहेर पडते, त्यास वार म्हणतात. ती पडण्यापूर्वी वासराने चीक प्यायला तर वार आतच अडकते, अशी समजूत पुष्कळ गावांत आहे. ते गृहस्थ वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांस जे शिकविले, तेच ते सांगत होते.

आदल्या वर्षी आमच्या घरातही हेच झाले होते. दुसऱ्या गाईला गोऱ्हा झाला. वार पडली नाही म्हणून त्याला रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दूर बांधून ठेवले. पहिला चीक घट्ट आणि पिवळाधमक. त्याचा आजीने खरवस केला आणि तो आम्ही सर्वांनी खाल्ला. इतका सुरेख खरवस पुन्हा खाल्ल्याचे मला आठवत नाही. आठव्या दिवशी गोऱ्ह्याला हगवण लागली आणि दोन दिवसांत तो गेला. तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले तेव्हा फार उशीर झाला होता. ओट्यावर बसून त्यांनी मामांस जे समजावून सांगितले, ते आजी दाराआड उभी राहून ऐकत होती.

त्यांनी सांगितले ते असे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गाईचे तसे नाही. तिच्या वारेची रचनाच अशी असते, की ही द्रव्ये गर्भाच्या रक्तात उतरू शकत नाहीत. म्हणून वासरू जन्मते ते जणू उघडे, कोणतेही चिलखत न घालता. ते चिलखत गाईने आपल्या चिकात साठविलेले असते. पण ते अंगात चढविण्याची वेळ ठरलेली आहे. जन्मल्यावर पहिले काही तास वासराच्या आतड्यांतून ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शिरू शकतात. पहिल्या 6 तासांत हा मार्ग चांगला खुला असतो, मग तो हळूहळू मिटत जातो, आणि सुमारे 24 तासांनी जवळजवळ बंद होतो. त्यानंतर कितीही चीक पाजला, तरी तो पोट भरील; रक्षण मात्र पूर्वीसारखे करू शकणार नाही. पहिल्या दिवसात वासराला त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक मिळावा, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे 20 किलोच्या वासराला 2 लिटर.

वारेविषयीची समजूत तर अगदी उलटी आहे. वासरू लुचू लागले, की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य निर्माण होते, आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावते. वार बाहेर पडण्यास त्याची मदतच होते. वार साधारणतः 8 ते 12 तासांत पडते. तोवर वाट पाहावयाची, तर वासराचे सर्वांत मोलाचे तास दाव्याला बांधल्या अवस्थेतच निघून जातात.

आता खरवसाकडे वळू. साधे दूध वाफेवर ठेवले तर विरजणावाचून ते घट्ट होत नाही. चीक मात्र थापा धरतो. असे का व्हावे? चिकात काही विशिष्ट प्रथिने विपुल असतात, आणि ती उष्णतेने गोठतात. वासराचे रक्षण करणारी द्रव्ये त्या प्रथिनांपैकीच. पहिल्या दिवशीच्या चिकाचा खरवस घट्ट होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा सैल, कारण तोवर ही द्रव्ये कमी कमी होत गेलेली असतात. म्हणजे पातेल्यात जो खरवस उत्तम जमतो, तोच चीक वासराला सर्वांत अधिक हवा असतो. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा आजी काही बोलली नाही. ती आत निघून गेली.

म्हणून चंद्रीच्या त्या रात्री ती पुढे आली. शेजारच्या गृहस्थांस तिने बसावयास घोंगडे दिले, चहा दिला, आणि मग मामांस म्हणाली, "सोड तिला. पहिला दिवस तिचा." मामांनी कालवडीला उचलून कासेपाशी नेले, आचळ तिच्या तोंडात दिले. ती लुचू लागली. तिची शेपटी हलू लागली, तसे आम्ही मुले हसलो. पहाटे वार पडली. ते वृद्ध गृहस्थ तोवर बसून होते. त्यांनी स्वतः ती लांब नेऊन पुरली आणि जाताना एवढेच म्हणाले, "या वेळी पडली खरी."

खिल्लारीसारख्या देशी गाईला पान्हा फुटावा म्हणून वासरू जवळ लागतेच. दूध कासेत असते, पण ते बारीक बारीक पिशव्यांत अडकलेले असते. वासराने ढुसण्या दिल्या, की तेच ऑक्सिटोसिन रक्तातून कासेपर्यंत येते. त्या पिशव्यांभोवतीचे सूक्ष्म स्नायू दाबले जातात आणि दूध सडांत उतरते. यालाच आपण गाय पान्हवली असे म्हणतो. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो, तेवढ्यात धार काढून घ्यावी लागते. गाय भ्याली, कोणी तिला मारले किंवा अनोळखी कुत्रे समोर आले, तर हे सगळे थांबते. लोक म्हणतात, गाईने दूध चोरले. बिचारी चोरी करीत नाही. भीतीने तिचे शरीर दूध सोडतच नाही. म्हणून धारेच्या वेळी आमच्या गोठ्यात मोठ्याने बोलण्यास बंदी होती, दिवाळीत फटाके तर दूरच.

मामा तीन सडांची धार काढीत आणि चौथा वासरासाठी सोडीत. पुष्कळ शेतकऱ्यांकडे ही रीत होती. वासराचे पोट जन्मतः गवत पचविण्यास तयार नसते. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पण वासरू लुचते तेव्हा दूध पहिले कप्पे टाळून सरळ चौथ्यात जाते. पंधरा दिवसांचे झाल्यावर ते कोवळी वैरण चघळू लागते, त्या चघळण्याने पहिला कप्पा वाढतो, आणि तीनएक महिन्यांनी ते खऱ्या अर्थाने रवंथ करणारे जनावर होते. तोवर दूध हाच त्याचा आधार असतो. घरालाही दूध हवे असते आणि वासरालाही. खिल्लार गाईचे दूध थोडे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या गोठ्यात रोज सकाळ-संध्याकाळ उभा राही. तो नेहमी न्यायाने सुटे, असे मी म्हणणार नाही. पाहुणे आले म्हणजे चौथ्या सडालाही हात लागे.

आज संकरित गाईंच्या गोठ्यांत बहुधा वासरू जन्मतःच वेगळे करतात आणि त्याला बाटलीने किंवा बादलीने दूध पाजतात. त्या गाई वासरावाचून दूध देतात, यंत्राने त्यांची धार निघते. हे पाहून मला अजूनही चुकल्यासारखे वाटते. पण वाटणे वेगळे आणि वासराचे हित वेगळे. बाटलीने का होईना, पहिल्या काही तासांत पुरेसा चीक ज्याच्या पोटात गेला, त्या वासराचे भाग्य आमच्या त्या गोऱ्ह्यापेक्षा खचित चांगले.

वसुबारसेच्या संध्याकाळी आजी, मामी आणि माझी आई नवी लुगडी नेसून गोठ्यात आल्या. आजीने चंद्रीच्या पायांवर पाणी घातले, हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली आणि दिवा ओवाळला. एका दिवसाच्या कालवडीच्या कपाळालाही कुंकू लागले. ते तिच्या आईने लगेच चाटून टाकले. पुष्कळ घरी स्त्रिया या दिवशी गहू आणि मूग खात नाहीत, आणि गाईचे दूध, तूप, ताकही वर्ज्य करतात. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी हे त्या रात्रीचे जेवण. आमच्याकडे त्या संध्याकाळी दुसऱ्या गाईचीही धार काढली नाही. आम्ही मुले बिनदुधाचा चहा पिऊन तोंडे वाकडी करीत राहिलो.

नरकचतुर्दशीला, कालवड पोट भरून आईच्या कुशीत निजली असता, मामांनी उरलेला चीक तांब्याभर काढला. आजीने त्यात गूळ आणि वेलदोडा घालून तो वाफेवर ठेवला. खरवस थोडा सैलच झाला. तिने आम्हा सर्वांना वाट्यांतून वाढला आणि एक वाटी झाकून शेजारच्या वस्तीवर त्या वृद्ध गृहस्थांकडे पाठविली. ती घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे होते. मी परत आलो तेव्हा करडांनी गोठ्याच्या तोरणाचा खालचा अर्धा भाग फस्त केला होता.