निवड चाचणीच्या आधीचे मैदान

व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या अकादमीकडे सर्वसाधारणपणे खेळाडू घडवणारी निवासी शाळा म्हणून पाहिले जाते. परंतु तिच्या यशापयशाचा मोठा भाग प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे दहा ते तेरा वर्षांच्या मुलांमधून कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला घरी पाठवायचे या निर्णयात, ठरून गेलेला असतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा हे केळी, ऊस आणि हळदीच्या शिवारातले गाव अशा अकादम्यांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि म्हणूनच निवडीच्या या शास्त्राची खरी परीक्षा अशाच गावाच्या संदर्भात होते. डोंगरकड्यातील एखाद्या मुलाच्या पायात खरोखर कसब असेल, तर ते कोणाच्या, केव्हा आणि कोणत्या मैदानावर दृष्टीस पडणार, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बार्सिलोना क्लबने १९७९ मध्ये ‘ला मासिया’ या जुन्या शेतघरात मुलांचे वसतिगृह सुरू केले. भारतात जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ मध्ये आणि गोव्यातील सेसा अकादमी १९९९ मध्ये स्थापन झाली. नवी मुंबईत २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी चालते. आणि भुवनेश्वर येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्सेन वेंगर यांच्या उपस्थितीत फिफा व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्या संयुक्त अकादमीचे उद्घाटन झाले. पुण्यात पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे तीनही क्लब मुलांच्या प्रशिक्षणात उतरले, पण २०१५ ते २०१९ या काळात ते एकामागून एक व्यावसायिक स्पर्धांमधून नाहीसे झाले. क्लब बंद पडला की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची घडणीची वर्षे मध्येच तुटतात आणि ती पुन्हा भरून निघत नाहीत, एवढे या इतिहासातून लक्षात घेतले म्हणजे पुरे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मुलाला सर्वांत जवळचे दार क्लबाचे नसून राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे आहे. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे निवास, भोजन, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र देणारी शासकीय संस्था. तिची मुख्य ओळख १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाशी जोडलेली असली, तरी राज्यात इतरत्रही तिच्या शाखा आहेत. लहान मुलांच्या निवडीसाठी तेथे जी चाचण्यांची मालिका वापरली गेली, तिला क्रीडाशिक्षक ‘बॅटरी ऑफ टेस्ट’ म्हणतात. तिच्यात उंची, वजन, वेग घेतल्यानंतरचे ३० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, जागेवरून उभी उडी, १० मीटर अंतर सहा वेळा कापण्याचे शटल रन, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकता मोजणे आणि ८०० मीटर धावणे अशा नऊ बाबी येतात आणि प्रत्येकीला तीन याप्रमाणे एकूण २७ गुण असतात.

यांपैकी शटल रनकडे बारकाईने पाहण्यासारखे असते. चुन्याने आखलेल्या दोन रेषांमध्ये मूल पळते, रेषेशी पोचताच वळते आणि पुन्हा सुटते. जे मूल रेषा ओलांडून दोन पावले पुढे जाऊन थांबते ते सरळ धावण्यात कितीही चपळ असले तरी मागे पडते, आणि जे मूल रेषेच्या अलीकडेच गुडघे वाकवून, खांदा आधी फिरवून वळते ते वेळ वाचवते. फुटबॉलमध्ये बचावपटूला चकवताना नेमके हेच वळणे लागते. असे असले तरी या नऊ बाबींमध्ये चेंडू कोठेही नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. खेळनिहाय कौशल्य चाचणी स्वतंत्रपणे घेतली जाते हे खरे; पण पहिल्या चाळणीत जे मूल गळते, त्याच्या पायात चेंडू कसा बसतो हे पाहण्याची वेळच येत नाही.

या चाळणीतील दोष कोणाच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. तो मुलांच्या वाढीच्या स्वरूपातच दडलेला आहे. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, आणि बाराव्या वर्षी अकरा-बारा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा असतो. जगभरच्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची संख्या ठळकपणे अधिक आढळते. क्रीडाशास्त्रात या प्रकाराला सापेक्ष वय परिणाम असे म्हणतात. त्यावर आणखी भर पडते ती शारीरिक प्रौढतेतील फरकाची, कारण जन्मतारखेने तेरा वर्षांच्या असलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात काही वर्षांचाही फरक असू शकतो. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढण्याची जी टॅनर-व्हाइटहाउस पद्धत आहे, तिची तिसरी आवृत्ती ‘टीडब्ल्यू-३’ या नावाने भारतीय फुटबॉलमध्ये वयचोरी पकडण्यासाठी वापरली जाते. वयचोरीला आळा बसलाच पाहिजे. परंतु तीच पद्धत उशिरा वाढणाऱ्या मुलांना सांभाळून घेण्यासाठीही वापरता येते, याकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते.

इतरत्र या चुकीची किंमत ओळखली गेली आहे. आंत्वान ग्रीझमनला अंगकाठी लहान म्हणून फ्रान्समधील क्लबांनी नाकारले आणि तो किशोरवयात स्पेनच्या रेआल सोसिएदाद क्लबाकडे गेला. पुढे २०१८ मध्ये तो फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरला. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडले, तो स्थानिक पातळीवरच्या क्लबात खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर इंग्लंडचा लीग विजेता झाला. या अनुभवातून बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्यूचर्स’ नावाचे वेगळे संघ काढले, तर इंग्लंडमधील अकादम्यांनी जन्मवर्षाऐवजी शारीरिक प्रौढतेनुसार गट पाडून सामने खेळवण्याचे प्रयोग केले. अशा सामन्यांत आडदांड मुलाला ताकदीऐवजी डोके वापरावे लागते आणि किरकोळ मुलाला आपले कसब दाखवायला जागा मिळते.

मराठवाड्याला तर याचे उदाहरण शोधण्यासाठी युरोपात जाण्याचे कारणच नाही, मग ते फुटबॉलचे नसले म्हणून काय झाले. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, २०१५ च्या सुमारास म्हणजे वयाच्या विशीनंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून त्याने रौप्यपदक मिळवले. त्याची खरी कुवत विशीनंतरच समोर आली. धावणे उशिरा सुरू करूनही जमते आणि चेंडूवरचा ताबा मात्र लहानपणीच यावा लागतो, हा फरक मान्य केला तरी, मराठवाड्यातील पोरांमध्ये काय आहे ते लहानपणीच्या चाचण्यांना नेहमी कळते असे नाही, हे त्यातून पुरेसे सिद्ध होते.

महाराष्ट्रातील फुटबॉलपटूंच्या घडणीचा सर्वांत समृद्ध धडा मात्र अकादमीबाहेर, कोल्हापुरात मिळतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्तीचे माहेरघर बनलेल्या या शहरात तालीम म्हणजे मूळचा आखाडा. तिच्याभोवती पेठेचे मंडळ उभे राहिले आणि मंडळाने कालांतराने फुटबॉलचा संघही उभा केला. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, जुना बुधवार, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराण्याच्या नावांसारखी उच्चारली जातात. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच बोलीतील ‘केएसए’, या संघांची वरिष्ठ गटाची लीग राजर्षी शाहू स्टेडियमवर भरवते आणि तिच्यात सोळा संघ खेळतात. लीग म्हणजे प्रत्येक संघाने इतर सर्व संघांशी खेळायची साखळी स्पर्धा.

शाहू स्टेडियमवर मोठ्या लढतीच्या दिवशी जे दिसते ते भारतात फार थोड्या ठिकाणी दिसते. गॅलरी दुपारपासून भरू लागते, पेठेपेठेतील लोक आपापल्या कोपऱ्यात बसतात, आणि सात-आठ वर्षांची पोरे आजोबांच्या किंवा काकांच्या शेजारी बसून कोणता खेळाडू डावा पाय वापरत नाही, कोणाला चेंडू छातीवर घेता येत नाही यावर मोठ्यांच्या बरोबरीने मत देतात. युरोपातील अकादम्या ज्याला खेळाची जाण म्हणतात आणि ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबाने तंत्र, व्यक्तिमत्त्व आणि वेग यांच्या जोडीने जिला निवडीच्या चार कसोट्यांत स्थान दिले, ती येथे गॅलरीतच रुजू लागते. या संस्कृतीला गालबोटही आहे. समर्थकांची हुल्लडबाजी आणि हाणामारी यांमुळे स्पर्धा थांबवण्याची वेळ आलेली आहे, आणि ईर्षेपोटी आफ्रिकेतील खेळाडू पैसे मोजून आणताना स्थानिक पोरांच्या जागा अडल्या, ही तक्रारही रास्त आहे. असे असूनही पेठेतील मुलाला दर हंगामात भरपूर सामने मिळतात, हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरता येते, आणि त्याचे बरेवाईट जाणणारी माणसे घराच्या दारातच असतात, ही कोल्हापूरची कमाई कोणत्याही वसतिगृहापेक्षा मोठी आहे.

अनिकेत जाधव हा याच मातीतला. २००० साली कोल्हापुरात जन्मलेला हा आघाडीचा खेळाडू पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, तेथून पुणे एफसीच्या अकादमीत आणि मग महासंघाच्या युवा संघात गेला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पुढे २०१९ मध्ये त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात तीन महिने सराव करण्याची संधी मिळाली आणि २०२१ मध्ये नेपाळविरुद्ध तो भारताच्या वरिष्ठ संघातून मैदानात उतरला. या प्रवासात शासकीय प्रबोधिनी, खासगी अकादमी आणि राष्ट्रीय महासंघ या तिन्ही पायऱ्या आहेत. परंतु त्या पायऱ्यांच्या खाली कोल्हापूर होते, आणि वृत्तपत्रीय कौतुकात तेवढेच नेमके राहून जाते. त्याच विश्वचषकातील भारताच्या २१ खेळाडूंपैकी आठ जण एकट्या मणिपूरचे होते. गावोगावी मैदान आणि मैदानावर रोज सामना असलेल्या त्या लहान राज्याने संख्येने कितीतरी मोठ्या महाराष्ट्राला मागे टाकले, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आता डोंगरकड्याकडे वळून पाहता उणीव कशाची आहे ते स्पष्ट होते. तेथील शाळकरी मुलासमोर फुटबॉलची जी अधिकृत वाट आहे, ती शालेय क्रीडा स्पर्धांची आणि १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो मुखर्जी चषकाची. या वाटेवर जिल्ह्यापासून विभाग आणि राज्य असे टप्पे असतात. या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात, म्हणजे हरलेला संघ लगेच बाहेर पडतो. आठ शाळांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण सात सामने होतात आणि त्यांपैकी चार शाळांचे वर्ष एकाच सामन्यात संपते. त्याच आठ शाळांनी साखळी खेळली तर अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक मुलाला सात वेळा मैदानावर उतरता येते. वर्षातून एक सामना खेळणाऱ्या मुलाला निवड चाचणीत कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या मुलाशेजारी उभे केले, तर त्यात गुणवत्तेची तुलना होत नाही, संधींची होते.

राज्य शासनाने अलीकडे मोठी पावले टाकली आहेत. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबाशी करार करून २०२३ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांची राज्यव्यापी स्पर्धा घेण्यात आली आणि निवडलेल्या वीस मुलांना म्युनिकला पाठवण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा तेरा वर्षांखालील तीस मुले आणि तीस मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण देणारी ‘प्रोजेक्ट महादेवा’ ही योजना जाहीरपणे मांडली गेली. मुलींना मुलांइतक्याच जागा देण्याचा निर्णय विशेष स्वागतार्ह आहे. तथापि तेराव्या वर्षीच्या एका निवडीवर दार बंद न करता पंधराव्या आणि सतराव्या वर्षी पुन्हा उघडले जावे, आणि प्रत्येक अर्जासोबत मुलाचा जन्ममहिना व वाढीचा टप्पा विचारात घेतला जावा, एवढी सुधारणा झाल्याशिवाय अशा योजनांचा लाभ ज्या जिल्ह्यांत आधीच खेळ आहे त्यांनाच मिळत राहील.

लहान गावातील मंडळाला या खेळातून आर्थिक हक्कही मिळू शकतो, हे फारसे ठाऊक नसते. फिफाच्या नियमांनुसार खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात रक्कम मोजून बदली झाली, तर त्या रकमेच्या पाच टक्के हिस्सा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो; बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक हंगामाला पाव टक्का मिळतो, म्हणजे एक कोटी रुपयांच्या बदलीत एका हंगामाचे पंचवीस हजार रुपये. अट एवढीच की मंडळ महासंघाशी संलग्न असले पाहिजे आणि मुलाची नोंदणी त्याच्या नावावर झालेली असली पाहिजे.

म्हणून कळमनुरी तालुक्यातील क्रीडाशिक्षक, युवक मंडळे आणि साखर कारखान्याच्या परिसरातील जाणत्या मंडळींना विनंती अशी की, निवड चाचणीच्या जाहिरातीची वाट पाहू नये. डोंगरकडा, वारंगा, आखाडा बाळापूर आणि आसपासच्या शाळांनी मिळून हिवाळ्यात आठ संघांची साखळी सुरू करावी; संघ पाच-पाच मुलांचे असले तरी चालतील, कारण लहान मैदानावर प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. काळ्या रानात भेगा पडतात, तेव्हा मैदानावर मुरूम पसरून रोलर फिरवून घ्यावा. मुलींचा गट पहिल्याच वर्षी असावा. प्रत्येक मुलाची जन्मतारीख खरी लिहावी आणि दर सहा महिन्यांनी त्याची उंची नोंदवावी. क्रीडा प्रबोधिनी आणि शालेय स्पर्धांची माहिती हिंगोलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून घ्यावी, आणि अकादमीत नक्की प्रवेश मिळवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणालाही पालकांनी एक रुपयाही देऊ नये.