पुरातन खडक आणि भूकंप

झाशीचा किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे ती ग्रॅनाइटची आहे. मराठी वाचकास हा किल्ला राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित आहे. येथे मात्र तटाखालच्या खडकाचाच विचार करावयाचा आहे. बुंदेलखंडातील हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक वयाचा आहे. इतका जुना व कठीण खडक हलेल कसा, असे कोणासही वाटावे. भूगर्भशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ तसेच वाटत होते. भारतीय द्वीपकल्पास ते ‘स्थिर प्रदेश’ म्हणत असत.

तथापि या स्थैर्याविरुद्धचा पुरावा झाशीच्या परिसरातच उघड्यावर पडलेला आहे. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे भिंतीसारख्या गेलेल्या अरुंद, लांबच लांब टेकड्या तेथे दिसतात. त्या गारगोटीच्या आहेत. फार पूर्वी ग्रॅनाइट फुटला, फुटलेले भाग एकमेकांवरून सरकले, आणि त्या भेगांत खोलवरून आलेल्या उष्ण पाण्यातील सिलिका साचून तिची गारगोटी झाली. पुढे भोवतालचा ग्रॅनाइट झिजला, गारगोटी उरली. बुंदेलखंडातील पूर्वीच्या राजांनी अशा टेकड्यांमधील खिंडी बांधून काढून तळी केली, तो भाग निराळा.

जेथे असे सरकणे घडले, त्या भेगेस मराठीत प्रस्तरभंग म्हणतात. अनुवाद करताना हा शब्द मला नेहमी अपुरा वाटत आला आहे. नुसता भंगलेला खडक म्हणजे प्रस्तरभंग नव्हे. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असाव्या लागतात, आणि भूकंपाचे मूळ त्या सरकण्यातच आहे. शब्दात मात्र ते कोठेच येत नाही.

हे सरकणे अखंड व संथ चालते, तर भूकंप झालेच नसते. परंतु घर्षणामुळे दोन्ही बाजू अडकून राहतात. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 4 ते 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियास भिडत आहे. त्याचा दाब हिमालयापाशीच न थांबता साऱ्या भूपट्टात पसरतो. अडकलेला खडक वेताच्या छडीप्रमाणे हळूहळू वाकत जातो, आणि ताण घर्षणास भारी झाला की झटक्याने सुटतो. 1906 सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील भूकंपात शेतांची कुंपणे तुटून बाजूला सरकलेली पाहून हॅरी रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही उपपत्ती मांडली.

सुटलेली शक्ती लहरींच्या रूपाने दूर जाते. प्राथमिक लहर खडकास पुढेमागे दाबीत सर्वांत आधी पोचते. मागून येणारी दुय्यम लहर त्यास आडवे हलविते. भूपृष्ठावरून जाणाऱ्या लहरी शेवटी येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 सालच्या आसाम भूकंपाच्या, युरोपात उमटलेल्या नोंदींवरून हे तीन प्रकार वेगळे ओळखले. पहिल्या दोन लहरींच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर असेल त्यास 8 ने गुणले, की फार दूर नसलेल्या भूकंपाचे अंतर स्थूलमानाने किलोमीटरमध्ये मिळते. 22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूर येथे भूकंप झाला. त्याचे स्थान झाशीहून सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर. तेव्हा झाशीत प्राथमिक लहरीनंतर दुय्यम लहर येण्यास पस्तीस-चाळीस सेकंद लागावेत, असा हिशेब निघतो. तो भूकंपही नर्मदेच्या खोऱ्यालगतच्या एका प्राचीन प्रस्तरभंगावरच घडला होता.

महाराष्ट्रात ‘स्थिर प्रदेश’ या कल्पनेस पहिला तडा गेला तो 11 डिसेंबर 1967 रोजी, कोयनानगर येथे. तेथे धरणाच्या जलाशयाचा संबंध असल्याने त्यास अपवाद मानण्याची सोय तरी होती. किल्लारीने ती ठेवली नाही. 1992 च्या ऑक्टोबरात तेथे लहान धक्के बसले होते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 परिमाणाचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूपृष्ठावर प्रस्तरभंगाची ठळक खूण आधी कोणास दिसली नव्हती. पुढे तेथे वेधन केले तेव्हा सुमारे 340 मीटर जाडीच्या काळ्या बेसाल्टखाली पुरातन ग्रॅनाइटी खडक लागला. झाशीस जे उघड्यावर आहे, ते किल्लारीस झाकलेले होते.

इतकी माणसे दगावली ती मुख्यतः घरांच्या रचनेमुळे. भिंती दोन फूट व त्याहूनही जाड. परंतु आतली व बाहेरची बाजू स्वतंत्र रचलेली, मध्ये मातीची भर आणि वर मातीचे जड माळवद. आडव्या लहरीने दोन्ही बाजू परस्परांपासून फुटल्या व माळवद खाली आले. म्हणून दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर एका बाजूपासून दुसरीपर्यंत पोचणारे आरपार दगड घालावेत, व दारे-खिडक्यांच्या वरून भिंतीभोवती अखंड पट्टा फिरवावा, असे अभियंते सांगतात. दगडी घरे बुंदेलखंडातही आहेत. त्यांच्या भिंतींच्या पोटात असे आरपार दगड आहेत किंवा नाहीत, हे घरमालकासही बहुधा ठाऊक नसते.