सही आणि सवय : औषधक्षेत्रातल्या प्रशिक्षणाचा मागोवा

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचणं चालू होतं. लस मुंबईहून आली होती, परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. त्या दिवशी 107 जणांनी ती टोचून घेतली. त्यांतल्या एकाच बाटलीतली लस मिळालेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. ठपका परळवर आला. हाफकिन यांना प्रयोगशाळा सोडावी लागली, आणि त्यांच्यावरचा डाग पुसला जायला 1907 साल उजाडावं लागलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याच चिमट्यानं बूच काढलं गेलं होतं, हे साक्षीपुराव्यातून पुढे आलं.

लस चांगली होती, घात शेवटच्या हातात झाला. औषधक्षेत्रातल्या नियमपालनाचा मागोवा घेताना हा चिमटा विसरून चालत नाही, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांत कायदे वाढले, कागद वाढले, आणि प्रश्न मात्र तोच राहिला : नियम वहीत आहे, पण तो ऐन वेळी हाताला आठवतो का?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 साली आला. तरीही 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि पुरवठादारापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत, औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्या पायऱ्यांवरचा हलगर्जीपणा उघड केला. एकाही पायरीवर कुणी थांबून तपासलं असतं, तर ती बाटली वॉर्डापर्यंत पोचली नसती.

1988 साली औषध नियमांच्या शेड्यूल एममध्ये उत्पादनाच्या चांगल्या पद्धती घातल्या गेल्या. 2001 साली ते परिशिष्ट नव्यानं लिहिलं गेलं आणि 2005 पासून त्याची सक्ती झाली. कारखान्यांत एसओपीच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतींच्या, फायली जाडजूड झाल्या. कामगारांना वर्षातून एकदा सभागृहात बसवून दिवसभर ऐकवलं जाऊ लागलं. नवी एसओपी आली की प्रत्येकानं ती वाचून ‘वाचलं, समजलं’ अशी सही करायची, ही रीत पडली. निरीक्षक आला की प्रशिक्षणाची फाईल पुढे करायची. सह्या पूर्ण म्हणजे प्रशिक्षण पूर्ण.

पण सही म्हणजे सवय नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसभरातच झपाट्यानं विरतं, आणि तेच थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा आठवलं तर टिकतं. शाळेत पाढे रोज म्हणवून घेणाऱ्या गुरुजींना हे ठाऊकच होतं. उद्योगानं मात्र ते मनावर घ्यायला शतक लावलं. 2007 साली बॉस्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ प्राइस केरफूट यांनी अमेरिका-कॅनडातल्या पाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांवर चाचणी केली. ईमेलनं ठरावीक अंतरानं येणाऱ्या छोट्या प्रश्नांमुळे ज्ञान जास्त काळ टिकतं, असं तिच्यात दिसलं. मोबाईल खिशात आले तशी हीच रीत औषध कंपन्यांत मायक्रोलर्निंग या नावानं रुजू लागली : एका वेळी एकच नियम, पाचेक मिनिटांत, शेवटी दोन-तीन प्रश्न, आणि चुकलेला प्रश्न काही दिवसांनी पुन्हा.

ही रीत कारखान्याबाहेर कशी पोचते हे पाहायला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा घेऊ. तो औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखला जात नाही. त्याची ओळख मलाजखंडचं तांबं, भरवेलीचं मँगनीज, वैनगंगेकाठचा भात आणि कान्हाचं जंगल. सक्तीचं प्रशिक्षण मात्र इथल्या कामगाराला नवं नाही. खाणींसाठी व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम 1966 सालचे आहेत. खाणीत उतरण्याआधी शिकावं लागतं आणि दर पाच वर्षांनी उजळणी करावी लागते. पाच वर्षांचं हे अंतर एबिंगहाउसच्या हिशेबात फारच लांब आहे.

औषधाची साखळी कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, आणि तिचं शेवटचं टोक बालाघाटात नक्कीच आहे. बैहर-बिरसाच्या पट्ट्यात तापानं फणफणलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचून मलेरियाचं किट वापरणारी आशाताई हे ते टोक. किटची मुदत संपली आहे का, थेंब किती टाकायचे, निकाल किती मिनिटांनी वाचायचा, वयाप्रमाणे गोळ्या किती, डोस पूर्ण झाला का, हे सगळं तिच्या हातात असतं. कंपनीनं सगळे नियम पाळून बनवलेलं किटही निकाल घाईनं वाचला तर निरुपयोगी ठरतं.

या टोकासाठी 15 जानेवारी 2016 रोजी केंद्र सरकारनं ‘मोबाईल अकॅडमी’ सुरू केली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत मध्य प्रदेश होता. हा अभ्यासक्रम ऐकण्याचा आहे. साधा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही. एकूण 240 मिनिटं, 11 प्रकरणं, प्रत्येकात चार धडे आणि शेवटी प्रश्न. म्हणजे एक धडा जेमतेम पाच मिनिटांचा. घरचं काम आवरता आवरता, गृहभेटीला जाताना वाटेत, आशाताई तो ऐकू शकते आणि अर्धवट राहिला तर पुढे चालू करू शकते. विषय मातृ-बालआरोग्याचा असला तरी पद्धत तीच, जिच्यासाठी आज कंपन्या महागडी ॲप विकत घेतात. 2024 साली ही योजना महाराष्ट्र आणि गुजरातेत पोचली.

दुसरं उदाहरण शेजारच्या मंडल्याचं आहे आणि त्यात औषध कंपनी थेट सहभागी होती. सन फार्माच्या पुढाकारानं उभी राहिलेली संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि मध्य प्रदेश सरकार यांनी 2017 पासून मंडला जिल्ह्यातल्या 1233 गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रकल्प चालवला. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर चारच गोष्टी होत्या : ताप शोधा, तपासा, उपचार करा, रुग्णाचा पाठपुरावा करा. प्रशिक्षणाला देखरेखीची जोड होती आणि नोंदी पुढे ‘सोच’ या मोबाईल ॲपवर होऊ लागल्या, त्यामुळे कोण कुठे चुकतंय ते लवकर कळे. तीन वर्षांत स्थानिक मलेरिया 91 टक्क्यांनी घटल्याचं प्रकल्पानं नोंदवलं. याचं श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येणार नाही. मच्छरदाण्या, फवारणी आणि औषधांचा अखंड पुरवठाही सोबत होता. पण चार पायऱ्या शेवटच्या माणसाला पाठ होत्या, म्हणूनच तो पुरवठा कारणी लागला.

कोविडनं या पद्धतीला वेग दिला. एप्रिल 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट’ या सरकारी प्रशिक्षण मंचावर ऑनलाइन अभ्यासक्रम खुले झाले आणि सभागृहात माणसं जमवणं बंद पडल्यामुळे औषध कारखान्यांनाही पडद्यावरच्या धड्यांकडे वळावं लागलं.

याच मागोव्यात दोन कडू नोंदी कराव्या लागतात. 2013 साली औरंगाबादजवळच्या वाळूज इथल्या वोक्हार्टच्या कारखान्यात अमेरिकी निरीक्षकांना सुमारे 75 बॅचच्या अनधिकृत नोंदी फाडून कचऱ्यात टाकलेल्या सापडल्या. नोंद फाडू नये, हे फाडणाऱ्याला माहीत नसतं असं कोण म्हणेल? तिथे धडा कमी पडत नाही, खरं लिहिलं तर शिक्षा होणार नाही हा विश्वास कमी पडतो.

दुसरी नोंद बालाघाटच्याच टापूतली. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातली मुलं ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या औषधानं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावू लागली. बैतूल आणि पांढुर्ण्यातही मृत्यू झाले. अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या त्या औषधात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं; मर्यादा 0.1 टक्क्याची. वीसहून अधिक मुलं गेली. जे. जे.मधलंच विष, एकोणचाळीस वर्षांनंतर. कच्चा माल वापरण्याआधी तपासायचा, हा नियम पाच मिनिटांत शिकवता येतो. पण तपासायला यंत्र, रसायनज्ञ आणि ‘हा माल परत पाठवा’ म्हणण्याचा अधिकार लागतो.

सुधारित शेड्यूल एम 28 डिसेंबर 2023 ला निघालं. छोट्या-मध्यम कारखान्यांना मुदतवाढ देऊन 31 डिसेंबर 2025 पर्यंतचा वेळ मिळाला, तोही आता सरला. या सुधारित परिशिष्टात सततच्या प्रशिक्षणाची आणि त्याचा कामावर परिणाम होतो की नाही हे तपासण्याची अपेक्षा आहे. कारखानदारांनी ती फाईल भरण्याची बाब समजू नये. धडे छोटे करा, कामगाराच्या भाषेत करा, पाळी सुरू होण्याच्या आधीची पाच मिनिटं कामाच्या वेळेत मोजा, आणि चुकलेल्या उत्तरावर पगार कापू नका. निरीक्षकांनीही सह्या मोजण्याऐवजी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारावा : आज आलेला माल तू कसा तपासलास? त्या उत्तरावरच कारखान्याचा परवाना टिकला पाहिजे.