तांबोशी आणि तिचे नामबंधू

पुणे शहरास समुद्र नाही, आणि त्यामुळे येथील मत्स्यप्रेमी नागरिकाचा समुद्राशी जो काही व्यवहार होतो तो गणेश पेठेतील मासळी बाजार, लष्कर भागातील शिवाजी मार्केट किंवा मालवणी खाणावळींची भोजनपत्रिका यांच्या मध्यस्थीनेच होतो. या पत्रिकांवर ‘रेड स्नॅपर’ असे जे ठळक नाव आढळते, ते ज्या माशाचे असावे अशी आपली अपेक्षा असते त्याला कोकण किनाऱ्यावर तांबोशी किंवा तांब म्हणतात आणि गोव्यात तामसो. परंतु ताटात आलेल्या तुकडीचा त्या नावावर खरोखरच हक्क आहे की नाही हे ठरविण्यास जो दाखला लागतो, तो मसाल्याखाली बहुधा नाहीसा झालेला असतो.

स्नॅपर ही वास्तविक एक जात नव्हे. ल्युटजॅनिडी या कुळातील शंभराहून अधिक जातींना मिळून दिलेली ती समाईक संज्ञा आहे. मोठे निमुळते डोके, जबड्याच्या अग्रभागी सुळ्यांसारखे दात, पुढे काटेरी व मागे मऊ असा पाठीवरचा सलग पर, आणि जबडा खटकन मिटण्याची खोड ही या कुळाची लक्षणे होत, व नाव पडले ते या शेवटच्या खोडीवरून. आपली तांबोशी लहानपणी खाडीतल्या कांदळवनात, तिवरांच्या मुळांच्या आश्रयाने, अंगावर पांढुरके उभे पट्टे मिरवीत वाढते, प्रसंगी गोड्या पाण्यातही शिरते, आणि वयात आल्यावर ते पट्टे टाकून खोल समुद्रातील खडकाळ तळ गाठते, जेथे तिचे प्रजनन होते. काही दशके जगणारा व सावकाश वाढणारा हा मासा असल्यामुळे कांदळवनाची तोड झाली म्हणजे तिचा परिणाम आजच्या जाळ्यात दिसत नाही. तो पुष्कळ वर्षांनी दिसतो आणि तोवर तोड करणाराचे नावही कोणाच्या स्मरणात उरलेले नसते.

इंग्रजी भाषा जेथे जेथे गेली तेथे तेथे स्नॅपर हे नाव तिने सढळ हाताने वाटले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ज्याला स्नॅपर म्हणतात तो क्रायसोफ्रिस ऑराटस मुळी निराळ्याच कुळातला आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातील एकाच जातीस ‘रेड स्नॅपर’ म्हणून विकण्याची सनद आहे. तरीही २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या नावाने विकल्या जाणाऱ्या माशांचा जनुकीय पंचनामा केला असता त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश भलत्याच जातींचे निघाले. उत्तर अमेरिकेतील एक चावरे कासव, १९४१ साली बिस्केच्या उपसागरात नाहीशी झालेली ब्रिटिश पाणबुडी, वेलिंग्टन शहरातील बसचे कार्ड, आणि चटकन ‘स्नॅप’ काढणारा छायाचित्रकार, हे सारे याच नावाचे वारसदार. त्यांच्या नातेसंबंधाचा विचार करीत बसण्यात अर्थ नाही.

याच्या अगदी उलट रीत याच पुण्याच्या आसमंतात एका इंग्रजानेच घालून दिली होती. मुंबई सरकारने १८२४ साली सांख्यिकी अहवालासाठी नेमलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील मासे तपासताना स्वदेशातील नावे त्यांच्यावर लादली नाहीत. बहुतांशी मराठी लोकांच्या तोंडून ऐकलेले शब्दच त्यांनी शास्त्रीय दफ्तरात नोंदविले. म्हणूनच मुळा-मुठेतील महाशीर आजही जगभर ‘खुद्री’ या नावाने ओळखला जातो, आणि ‘नुक्ता’ व ‘कोलस’ हेही त्याच नोंदवहीतले. साइक्स यांची ही पद्धत मला अधिक सुसंस्कृत वाटते. मौज अशी की १७९० साली ब्लोख या जर्मन पंडिताने दिलेले तांबोशीचे ‘ल्युटजॅनस’ हे लॅटिन वेषातील नावही मूळचे मलायी कोळ्यांचेच आहे. म्हणजे शास्त्रज्ञाने लोकांचा शब्द जपला आणि खाणावळीने तो सोडला.

बाजारात ओळख पटवावयाची असेल तर मासा अखंड पाहावा. गुलाबी अंगावर पिवळसर रेघा असलेला, नाजूक व लहान असा राणी मासा तांबोशी नव्हे. हेकरू माशाच्या अंगावर बहुधा ठिपके असतात. आणि कातडी काढलेली पांढरीशुभ्र तुकडी तळ्यात वाढविलेल्या बासाचीही असू शकते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा त्या दिवसांत ‘ताजा रेड स्नॅपर’ अशी पाटी दिसल्यास तो पूर्व किनाऱ्याहून आला की शीतगृहातून, एवढे मालकास अवश्य विचारावे. घरी न्यावयाचा असल्यास विक्रेतीकडून डोके मात्र मागून घ्यावे, कारण तांबोशीच्या डोक्याचे कालवण भोजनपत्रिकेवर सहसा आढळत नाही.