गावचे अन्न आणि वस्तीचा पत्ता

स्थानिक अन्नव्यवस्था बळकट करण्यासाठी सरकार अनुदान देते, असे ऐकले की मला माझी आजी आठवते. गावाची जुनी अन्नव्यवस्था तिने पाहिली होती. पिकवणे, साठवणे, वाटणे सारे गावातच होई, आणि त्यात आमचीही जागा ठरलेली होती. खळ्यावर पुढ्यात टाकलेले बलुते आणि संध्याकाळी दारोदार मागून आणलेली येसकराची भाकरी, ही ती जागा. 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या घराने ती भाकरी नाकारली. म्हणून 'स्थानिक' या शब्दाने मी हुरळून जात नाही. स्थानिक म्हणजे कुणाचे, हे आधी विचारावे लागते.

2020 साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पंतप्रधानांच्या पदनावाने एक योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी 10,000 कोटी रुपये ठरले. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के. चटणी, पापड, डाळ, गूळ करणाऱ्या लहान उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. योजनेचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु पैसा कोणत्या वाटेने येतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

किमान 10 टक्के रक्कम अर्जदाराने स्वतः घालायची. उरलेली बँकेच्या कर्जातून. कर्ज मंजूर झाले नाही तर अनुदानही नाही. मंजूर झालेले अनुदान हातात पडत नाही. ते बँकेतच राहते, आणि तीन वर्षांनंतर उद्योग चालू व कर्जफेड नियमित असेल तरच कर्जात वळते होते. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरली जात नाही. बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे, पण तेही सदस्याच्या हाती परतफेडीचे कर्ज म्हणूनच पडते. अनुसूचित जाती-जमातींसाठी निधी राखून ठेवण्याची तरतूद आहे. मात्र राखलेल्या निधीलाही बँकेच्याच दारातून यावे लागते. थोडक्यात, ज्याच्यापाशी जागा, पैसा आणि पत आहे, त्याच्यासाठी ही वाट सरळ आहे.

आपल्यापाशी काय आहे? 2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत. 2015-16 च्या कृषिगणनेत वहितीखालच्या जमिनीतील त्यांचा वाटा 9 टक्क्यांहूनही कमी होता. याच योजनेने 'एक जिल्हा, एक उत्पादन' हे सूत्र घेतले. रत्नागिरीला आंबा, कोल्हापूरला गूळ. पण बाग कुणाची आणि ऊस कुणाचा? आंबा उतरवणारा आणि ऊस तोडणारा माणूस या उत्पादनाचा धनी नसतो. महाराष्ट्रात भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना 2004 पासून आहे. पण तिथे जमीन विकत घेऊन द्यायची असते, आणि जमीन विकणार गावातलाच जमीनदार.

गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीतल्या बायांच्या गटाचे अर्ज मी लिहून दिले. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पापड हा त्यांचा माल. बँकेत पहिला प्रश्न आला तो सातबाऱ्याचा. घरे गावठाणातली, कागद कुणाकडेच नव्हते. चार खेपा झाल्यावर गटाने अनुदानाचा नाद सोडला आणि आपल्याच बचतीतून मिक्सर घेतला. अन्न परवाना विभागाची नोंदणी झाली. पाकिटावर करणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता छापणे कायद्याने आवश्यक आहे, असे मी सांगितले, तेव्हा एक बाई हळूच म्हणाली, "सर, भीमनगर घालायलाच पाहिजे का? तालुक्याचं नाव टाकलं तर नाही चालणार?"

मी प्राध्यापक माणूस. वर्गात तास तास बोलतो. तिथे मला लगेच उत्तर सुचले नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशी नवी नावे सुचवली. पण गिऱ्हाईक पत्ता वाचते आणि पाकीट परत ठेवते. 35 टक्क्यांच्या हिशोबात या नुकसानीचा रकाना नाही. अनुदान यंत्र देते, गिऱ्हाईक देत नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की सरकारने केवळ पैसा देऊन थांबू नये. स्वतः गिऱ्हाईक व्हावे. शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 रोजी दिला. त्यामागचे तत्त्व मोठे होते: सगळ्यांच्या मुलांनी आमच्या हातचे खावे. तेच तत्त्व खरेदीला लावावे. वसतिगृहे, अंगणवाड्या, सरकारी उपाहारगृहे यांनी अशा गटांचा माल ठरावीक भावाने, ठरावीक प्रमाणात घ्यावा. खरेदीचा करार हाती असला की तो बँकेपुढेही ठेवता येतो.

त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, पत्ता पूर्ण घालायचा. तिने घातला. भीमनगर, मोठ्या अक्षरांत. माल अजून कमीच खपतो. पण आजीच्या काळी आम्ही भाकरी मागायला जात होतो; आज आमच्या हातचे अन्न घेऊन गावासमोर उभे आहोत. ते घ्यायचे की नाही, हा प्रश्न आता गावाचा आणि सरकारचा आहे.